वृद्धाश्रमात अटेंडंट म्हणून आजी-आजोबांच्या पायांची काळजी कशी घ्यायची? नखं आपणच कापायची का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "पाय धुण्यात शिकण्यासारखं काय असतं?" म्हणून लिहितेय, एरवी लिहिलं नसतं.

ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने ये-जा करत मी नवी मुंबईतल्या एका वृद्धाश्रमात सात वर्षं काम केलं. तिथे एक काका होते, जुनी शुगर. एका रविवारी मुलगा आला. बापाचे पाय गार लागले म्हणून त्याने रबरी पिशवीत कढत पाणी भरून पायाखाली ठेवली. मी म्हटलं, दादा नको, शुगरने पाय बधिर झालेत, त्यांना चटका कळत नाही. तर काकाच म्हणाले, "राहू दे गं, अजून गरम चालेल." चालणारच! सकाळी मोजा काढला तर टाचेला लिंबाएवढा फोड. नंतर डॉक्टरांनी नायलॉनच्या धाग्याने तळवा तपासला. काका डोळे मिटून म्हणत होते, "टोचा की." टोचून झालं होतं.

सुपरवायझर सगळ्यांदेखत मला म्हणाले, "पाय तूच धुतेस ना? पाणी कढत घेतलं असशील." मुलगा शेजारीच उभा, खिडकीबाहेर बघत. अहो, पाणी मी कोपर बुडवून बघते, तान्ह्या बाळाचं बघतात तसं! नोंदवहीत शनिवारच्या पानावर माझ्या अक्षरात होतं, ‘दोन्ही टाचा ठीक’. ते पान कुणी उघडलं नाही. पिशवीचं मात्र मी लिहिलं नव्हतं. नातेवाइकांचं कशाला लिहा, असं वाटलं. तुम्ही लिहा. वेळ घालून लिहा, कोण आलं, काय केलं, सगळं.

बाकी, शुगरवाल्यांचे पाय भिजत ठेवू नका, कोमट पाण्याने धुवा आणि उचला. बोटांमधल्या बेचक्या पंचाने टिपून कोरड्या करा, नाहीतर पावसाळ्यात चिखल्या ठरलेल्या. खोबरेल भेगांना लावा, बेचक्यांत नाही. कुरूप ब्लेडने खरवडणारी मावशी प्रत्येक आश्रमात असते, तिचं ऐकू नका. मोजे सुती, सैल इलॅस्टिकचे.

नखं? शुगर असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हात लावू नका, सिस्टरना सांगा. इतरांची आंघोळीनंतर, सरळ कापा. अर्थात तुमच्या संस्थेचा नियम आधी विचारा, काही ठिकाणी अटेंडंटने कुणाचीच कापायची नसतात.

काकांचा फोड भरायला दोन महिने लागले. पुढच्या खेपेला मुलगा त्यांच्यासाठी मोजे घेऊन आला. नायलॉनचे.