जँगोची पानं उघडतात, पण सीएसएस-फोटोंवर ४०३: आधी वरचे फोल्डर बघा

सातपूरच्या कारखान्याचा जँगोवर (पायथॉनमध्ये साइट बांधायचं फ्रेमवर्क) चालणारा कॅटलॉग नव्या उबुंटू २२.०४ सर्व्हरवर हलवला, डीबग बंद केलं, पानं उघडतात पण स्टॅटिक फायली (सीएसएस, फोटो) सगळ्या ४०३ (परवानगी नाही), आणि होस्टिंगवाले म्हणतात फोल्डरला ७७७ (सगळ्यांना वाचायची, लिहायची, आत शिरायची मुभा) द्या, असं तुम्ही लिहिलंय. ते ७७७ वाचलं आणि राहवलं नाही. कलेक्टस्टॅटिक (स्टॅटिक फायली एका फोल्डरमध्ये गोळा करणारी जँगोची आज्ञा) झालंय, एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या सेटिंगमध्ये लोकेशन ब्लॉक (कुठल्या पत्त्याला कुठलं फोल्डर) लिहिलाय, हे धरून चालतो.

७७७ देऊ नका. दिलं असेल तर आधी काढा.

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष निर्यातदाराची साइट मी अशीच नव्या सर्व्हरवर नेली होती. ऐन हंगाम, परदेशातल्या खरेदीदाराला पॅकहाउसचे फोटो दाखवायचे, आणि पानावर नुसत्या निळ्या अधोरेखित लिंका. होस्टिंग कंपनीच्या (नाव घेत नाही) सपोर्टचं पहिलंच उत्तर ७७७. काडीचा फरक पडला नाही. मग म्हणे रॅम कमी पडतेय, मोठा प्लॅन घ्या. अहो, ४०३ चा आणि रॅमचा संबंध काय? दर वेळी टिकीट नव्या माणसाकडे, आणि दर वेळी 'स्क्रीनशॉट पाठवा'. एन्जिनएक्सच्या एरर लॉगची ओळ मी प्रत्येक उत्तरात चिकटवत होतो, ती कुणी वाचलीच नाही. शेठनी शेवटी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून वेळ मारून नेली आणि माझ्या बिलाला कात्री लावली.

सगळं उत्तर त्या ओळीतच होतं. कंसात '१३: परमिशन डिनाइड' असेल तर वाटेत कुठेतरी अडवलंय. '२: नो सच फाइल' असेल तर पाथच चुकलाय. तुमचं १३ च असणार.

एन्जिनएक्स उबुंटूवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या यूजरने चालतो. फाइल वाचायची तर मुळापासून त्या फाइलपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरवर त्याला एक्स (आत शिरायची) परवानगी लागते. उबुंटू २१.०४ पासून नव्या यूजरचं होम फोल्डर ७५० ने (मालक आणि ग्रुप सोडून इतरांना मज्जाव) तयार होतं. आधी ७५५ (इतरांनाही आत शिरता येतं) असायचं, म्हणून जुन्या सर्व्हरवर तीच मांडणी बिनबोभाट चालत होती. आतल्या खोल्या सताड उघड्या, पण वाड्याचा दिंडी दरवाजा बंद, असा प्रकार. स्टॅटिक फोल्डरला ७७७ देऊन काय होणार? सर्व्हरवरच्या कुठल्याही यूजरला तिथे लिहायची मुभा, एवढंच.

टर्मिनलमध्ये 'नेमआय -एल' आणि पुढे एका सीएसएस फाइलचा पूर्ण पाथ द्या. प्रत्येक पायरीची परवानगी एकाखाली एक दिसते. ज्या फोल्डरच्या परवानग्यांच्या शेवटी तीन आडव्या रेघा आहेत आणि ज्याचा मालक वा ग्रुप डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नाही, तिथे अडलंय. होमला इतरांसाठी एक्स दिला की चालतं, पण मला ते पटत नाही. त्याच होममध्ये तुमच्या एसएसएच (सर्व्हरवर लॉगिनच्या) किल्ल्या असतात. स्टॅटिक फायली सरळ एसआरव्ही या मुळातल्या फोल्डरखाली हलवा. हे उबुंटूपुरतं सांगतोय. रॉकी किंवा अल्मा (लिनक्सचेच दुसरे प्रकार) असेल तर एसईलिनक्सचं (तिथली वेगळी सुरक्षा व्यवस्था) लेबलही तपासावं लागेल.

जाता जाता: लोकेशन ब्लॉकमध्ये फोल्डर रूट किंवा एलियासने सांगतात. रूटमध्ये लोकेशनचा पाथ पुढे जोडला जातो, एलियासमध्ये त्याच्या जागी दुसरा बसतो. २ नंबरची चूक बहुतेक वेळा इथेच सापडते. आणि एलियासच्या शेवटी स्लॅश असेल तर लोकेशनच्या शेवटीही हवाच. तो राहिला तर स्टॅटिकपुढे दोन टिंबं टाकून कुणीही एक फोल्डर वर चढतो, आणि तिथे तुमची सेटिंग्जची फाइल असते, डेटाबेसच्या पासवर्डसकट.

एक्स्पायर्स (ब्राउझरने फाइल किती दिवस साठवायची) वर्षभराचं लावा असं पुष्कळ जण सांगतील. फाइलच्या नावात हॅश (मजकुरावरून बनलेला कोड) असेल तरच लावा (जँगोचं मॅनिफेस्ट स्टोरेज ते करून देतं), नाहीतर नवा दरपत्रकाचा फोटो चढवाल आणि गिऱ्हाइकाला जुनाच दिसत राहील. जीझिप (फायली दाबून पाठवणं) नुसतं चालू करून भागत नाही. न सांगता ते फक्त एचटीएमएल दाबतं, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट जीझिप-टाइप्समध्ये घालावं लागतं.

बदल केल्यावर 'एन्जिनएक्स -टी' ने सेटिंग तपासा, मगच रीलोड. आणि तपासताना ब्राउझरपेक्षा कर्ल (टर्मिनलमधून पान मागवणारा प्रोग्राम) बरं, कॅशचा घोळ होत नाही.