रात्री साडेअकराचे लंगोट

मावशी,

मी धायरीला राहते. मुलगी पावणेतीन वर्षांची, मुलगा आठ महिन्यांचा. रजा संपून मी कामावर रुजू झाले त्याला दोन महिने झाले. स्वारगेटजवळच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते, हातात ३४ हजार येतात. नवरा चाकणला कंपनीत आहे, शिफ्ट बदलत असते. त्याची सुट्टी गुरुवारी, माझी रविवारी. सासूबाई साताऱ्याकडे गावी असतात, गुडघ्यांमुळे त्यांना आमचे तीन जिने जमत नाहीत.

महिन्याचा खर्च मी वहीत लिहिते. दोघांचे डायपर ३,२००. बाळाचं डब्यातलं तयार खाणं १,१००. पाळणाघर ११,५००. शेजारच्या गल्लीतलं पाळणाघर १३,५०० मागत होतं, म्हणून आम्ही नऱ्ह्याचं घेतलं. मुलीला स्कूटरवर पुढे उभं करते, बाळाला पोटाशी बांधते. त्या फेऱ्यांत रोज चाळीस मिनिटं जास्तीची जातात. वही बघून नवरा म्हणाला, "तुझा जवळजवळ निम्मा पगार यातच जातो. मग नोकरीचा उपयोग काय?" सासूबाई फोनवर म्हणतात, "आम्ही तीन पोरं लंगोटांवर वाढवली." म्हणून लंगोट आणले. परवा रात्री साडेअकराला ते धुताना मला रडू आलं. बाणेरच्या जावेकडे खेळण्यांनी भरलेली खोली आहे, दिवसभराची बाई आहे. वाचवलं की वाटतं मुलांना कमी पडू देतेय, खर्च केला की वाटतं मी आळशी आहे. सोयीसाठी पैसे मोजणं चूक आहे का?

– वहीवाली, धायरी

प्रिय वहीवाली,

तू आळशी नाहीस. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे जुळवून, दोन मुलांना घरी आणून, जेवणं उरकून जी बाई रात्री साडेअकराला लंगोट धुवायला बसते, तिच्यासाठी हा शब्द कुणी वापरू नये. तिने स्वतःही नाही.

तुझी वही मला मनापासून आवडली. पण तिच्यात नुसते रुपये आहेत. लंगोटांपुढे तू शून्य लिहिलं असशील, कारण तुझ्या रात्रीच्या पाऊण तासाचं बिल कुणी पाठवत नाही. त्या वहीत आणखी दोन रकाने आख: वेळ किती गेला, आणि कुणाचा गेला. महिनाभर असं लिहिलंस की कुठली सोय विकत घ्यायची आणि कुठली नाही हे तुला मला विचारावं लागणार नाही.

सासूबाई खोटं बोलत नाहीत, हे आधी सांगते. माझं लहानपण शनिवार पेठेतल्या वाड्यात गेलं. माझ्या धाकट्या भावाचे लंगोट आई क्वचितच धुवायची. आत्या धुवायची, शेजारच्या काकू चौकातल्या उन्हात वाळत घालायच्या, घड्या आम्ही पोरी करायचो. लंगोट फुकट पडायचे, कारण त्या सगळ्यांच्या वेळेला कुणी मोल लावलंच नव्हतं. तुझ्याकडे तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतली एक दोरी आणि तुझे दोन हात. जुलैत त्या दोरीवर दोन दिवस काही वाळत नाही. सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांना एवढंच विचार, "आई, तुमच्या वेळी हाताशी कोण कोण होतं?" त्यांना ते सांगायला आवडेल, आणि सांगता सांगता त्यांच्याच लक्षात येईल.

तर डायपर. रात्री, प्रवासात आणि पाळणाघरात डायपर, सुट्टीच्या दिवशी घरात लंगोट, ही वाटणी तुम्हाला पुरे. लंगोट दिवसा वापरायचे आणि दिवसाच धुवायचे, मशीनमध्ये. डायपर महाग म्हणून तोच तासन् तास ठेवू नकोस, कातडी सोलवटली की वाचलेले पैसे मलमात जातात आणि बाळाची झोप जाते ती वेगळीच. खरी बचत मुलीच्या डायपरमध्ये आहे. पावणेतीनला बहुतेक मुलं सांगायला लागतात. पण घरात एवढी उलथापालथ चालू असताना सुरुवात नको. आणखी महिनाभराने, पाळणाघरातल्या ताईंना आधी सांगून, दोन्हीकडे एकदमच सुरू कर.

आणि वापरलेला डायपर कागदात घट्ट गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळा दे. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताई हे कधीपासून सांगत आल्या आहेत. आपली सोय झाली की तो डायपर कुणाच्या तरी हातात जातो, त्या हातांचाही विचार आपल्या हिशेबात असायला हवा.

आता पाळणाघर. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते नऱ्ह्याला जाऊन वाचवलेल्या या दोन हजारांनी.

रोजची चाळीस मिनिटं, महिन्याचे बावीस दिवस, म्हणजे जवळपास पंधरा तास. दोन हजार भागिले पंधरा, तासाला १३३ रुपये. तुझा पगार बावीस दिवस, रोजचे नऊ तास असा मोडला तर तासाला १७० च्या आसपास येतो. म्हणजे पेट्रोल धरलंच नाही तरी तू स्वतःचा वेळ ऑफिसपेक्षा स्वस्तात विकते आहेस. शिवाय ती कुठली चाळीस मिनिटं, तेही बघ. संध्याकाळी मुलं भुकेली असतात, दिवसभर आईला शोधून थकलेली असतात. त्या वेळेची किंमत पगारावरून काढता येत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९८८ साली माझी लेक दीड वर्षाची होती. घर नारायण पेठेत, ऑफिस कॅम्पात. घराजवळ सांभाळणाऱ्या बाई महिन्याला चाळीस रुपये जास्त मागत होत्या, म्हणून तिला पर्वतीला ठेवलं. दोन वर्षं रोज संध्याकाळी बस बदलून तिला आणायचे. घरी पोहोचेपर्यंत ती खांद्यावर झोपलेली असायची. उठवून भरवायचं आणि परत झोपवायचं. त्या दोन वर्षांतल्या संध्याकाळच्या तिच्या गप्पा मला आठवत नाहीत, कारण त्या झाल्याच नाहीत. चाळीस रुपयांचं आम्ही काय केलं तेही आठवत नाही.

म्हणून गल्लीतल्या पाळणाघरात उद्याच जाऊन ये. न सांगता, दुपारी तीनच्या सुमाराला जा. किती मुलांमागे किती बायका आहेत ते मोज. टीव्ही चालू आहे का बघ, कारण दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नकोच असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रडणाऱ्या मुलाला कुणी उचलतंय का ते बघ. मन मानलं तर घे. नाही मानलं तर ते स्वस्त असलं तरी नको आणि जवळ असलं तरी नको.

जवळचं घेतलंस तर मुलांना चालत नेता येईल, आणि हे मला पैशांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. मुलगी पुढे उभी, बाळ पोटाशी, सिंहगड रस्त्याची वाहतूक: अचानक ब्रेक लागला तर मुलीची छाती हँडलवर आदळेल आणि बाळ तुझ्या आणि तिच्या मधे चेपेल. दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा सेफ्टी हार्नेस हवा, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. तुझं बाळ तर अजून नऊ महिन्यांचंही नाही. पाळणाघर ठरेपर्यंत रिक्षा कर. तो खर्च वहीत लिही आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागू नकोस. बाकी सगळ्या खर्चांवर मी तुझ्याशी घासाघीस करायला तयार आहे, यावर नाही.

तुझ्या नवऱ्याच्या वाक्याकडे येते. तो वाईट माणूस आहे असं मला तुझ्या पत्रातून वाटलं नाही. चाकणच्या पहिल्या पाळीसाठी धायरीहून निघणारा माणूस पहाटे काळोखात बसची वाट बघतो, तोही थकलेलाच आहे. पण त्याची वजाबाकी चुकली आहे. पाळणाघराची फी तुझ्या एकटीच्या पगारातून का वजा करायची? मुलं दोघांची आहेत. पाळणाघर आहे म्हणून तोही पाळीला जाऊ शकतो. दोन्ही पगार एकत्र लिही, मग त्यातून ११,५०० किंवा १३,५०० वजा कर. चित्र एकदम वेगळं दिसेल. आणि तू नोकरी सोडलीस तर नुसते ३४ हजार जात नाहीत. तुझा पीएफ, त्यात कंपनी घालते तो वाटा, दरवर्षीची वाढ, आणि चार वर्षांनी परत उभं राहताना लागणारा जोर, हे सगळं जातं. पाळणाघराचा हा भार काही वर्षांचा आहे. मुलगी तीन वर्षांची झाली की बालवाडीत जाईल, ती शाळेत गेली की अर्धा दिवस सुटेल.

आणखी एक. तुला जी २६ आठवड्यांची रजा मिळाली, तिच्याबरोबरच २०१७ साली कायद्यात पाळणाघराची तरतूद आली: पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे मालकाने पाळणाघराची सोय करायची, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येऊ द्यायचं. तुमच्या ऑफिसात तेवढी माणसं असतील तर लेखी विचार. तोंडी विचारलेलं विसरलं जातं.

नवऱ्याशी बोलायचं कधी? तुमच्या सुट्ट्या एकत्र येत नाहीत, हे तुमच्या भांडणाचं मोठं कारण आहे असं मला वाटतं. बुधवारी रात्री मुलं झोपल्यावर वही पुढ्यात घे. वेळ आणि माणूस हे दोन रकाने त्याला स्वतःच्या हाताने भरायला दे. तू भरून दाखवलेस तर तो आरोप वाटेल, त्याने भरले तर हिशेब वाटेल. आणि गुरुवार त्याच्याकडे सोपव. सगळा गुरुवार, लंगोटांसकट.

खाण्याचं मात्र सोपं आहे. तिथे पैसेही वाचतात आणि कष्टही वाढत नाहीत. आठ महिन्यांच्या बाळाला तुमच्याच कुकरमधला वरणभात, मीठ-तिखट घालायच्या आधी बाजूला काढलेला, तूप घालून हाताने कुस्करलेला, पुरतो. मूगडाळ-तांदळाची मऊ खिचडी, उकडलेला बटाटा, केळं, आणि तू अजून पाजत असशील तर दूध चालूच. पहिलं वर्ष मीठ-साखर नको आणि मध तर अजिबात नको, कुणी कितीही प्रेमाने बोटावर चाटवायला आणला तरी. नाचणीचं सत्व घरी करायचा हट्ट धरू नकोस. भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, भाजायचं, दळायचं, वस्त्रगाळ करायचं, यात तुझा एकुलता एक रविवार जाईल. ओळखीच्या गृहउद्योगाचं, बिनसाखरेचं घे. डब्यातलं तयार खाणं प्रवासासाठी एक असू दे. दोन वर्षांखालच्या मुलांच्या अशा खाण्याची जाहिरात करायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, आईला तो डबा स्वतःच्या हातापेक्षा मोठा वाटू नये म्हणून.

तू विचारलं नाहीस, तरी लसीचं सांगते. बाळाला पुढच्या महिन्यात नऊ महिने पूर्ण होतील, तेव्हा गोवर-रुबेलाची लस. महापालिकेच्या दवाखान्यात ती फुकट मिळते. लसीकरणाचा वार आधी विचारून घे, गुरुवारी जमत असेल तर बाबाच नेईल. दीड वर्षाच्या डोसाच्या वेळी कुणी महागडी 'न दुखणारी' ट्रिपल (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) पुढे केली तर दडपून जाऊ नकोस. त्या लसीने ताप कमी येतो हे खरं, पण डांग्या खोकल्यापासूनचं तिचं संरक्षण साध्या लसीपेक्षा लवकर ओसरतं. दोन दिवसांचा ताप आईला जड जातो, म्हणून हा निर्णय डॉक्टरांशी बोलून घे, किमतीकडे बघून घेऊ नकोस.

राहिली जाऊबाईंची खेळण्यांची खोली. मोरगावात जन्मलेल्या अनुताई वाघांनी ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आणि मग कोसबाडला बालवाड्या चालवल्या, त्या शिंपल्यांवर, बियांवर, खड्यांवर आणि पानांवर. महागडी साधनं परवडत नव्हती म्हणून सुरुवात झाली, आणि मुलं त्यात रमली म्हणून ती पद्धत टिकली. तुझ्या मुलीला वाट्या, झाकणं आणि जुनी ओढणी दे. बारीक बिया तेवढ्या बाळाच्या हाताला लागू देऊ नकोस, ते सगळं तोंडात घालणार. जावेकडे गेलात की तिथली खेळणी खेळू देत, परत येताना मुलगी रडली तर रडू दे.

आणि परवाच्या बादलीत अजून काही लंगोट राहिले असतील तर ते गुरुवारपर्यंत भिजत राहू देत. त्या दिवशी घरात एक मोठा माणूस दिवसभर असतो.

तुझी,
मावशी