रोजच्या वापराची कूपे (दोन दारांची बुटकी गाडी) किती खाली घ्यावी?

गुहागर ते चिपळूण रोजचं जाणं-येणं असेल तर माझं ऐक, गाडीची उंची कमी करताना २०-२५ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नकोस. नियमात बसणारा गतिरोधकसुद्धा १० सेंटिमीटर उंच असतो, आणि आपल्या वाड्यांमधले बरेचसे त्याहून उभे. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने जायचं असेल तर ओहोटीची वेळ टाळ. तेव्हा रॅम्पचा कोन वाढतो आणि चाक चढायच्या आधी बंपर लोखंडाला टेकतो.

स्प्रिंग कापून देणाऱ्यांच्या नादी अजिबात लागू नकोस. चाक खड्ड्यावर लटकलं की कापलेली स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते. तयार लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणारी आखूड स्प्रिंग) घे, शॉक अॅब्सॉर्बर दमले असतील तर तेही बदल. कॉइलओव्हरचा, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकच्या जोडीचा, मोह मला कळतो, पण खाऱ्या हवेत त्याचे आटे गंजतात आणि उंचीची रिंग जाम होते. घेतलेसच तर पावसाळ्याआधी आटे ब्रशने साफ करून ग्रीस लावत जा.

मेकॅनिकजवळ उभा राहा. कंट्रोल आर्मच्या (चाक सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्के आवळू देऊ नकोस. वजन चाकांवर आल्यावरच आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. मग व्हील अलाइनमेंट. टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बिघडलेला राहिला तर टायरची आतली कड झिजते, आणि वरून बघून ते कळतही नाही. हेडलाइटचा झोतही जुळवून घे.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ (गाडीत फेरफार करण्याबद्दलचं) आणि विम्याच्या अटी काम काढण्याआधी वाच.