नवी सात सीटर घेतलीस? आधी एवढं सांभाळ

अभिनंदन भावा! सुरुवातीला मोजक्याच गोष्टींकडे लक्ष दे, बाकीचं सावकाश येईल.

सगळ्यात आधी बॉनेट. ते इतकं उंच असतं की पुढ्यात उभं असलेलं लहान पोर सीटवरून दिसतच नाही. आपल्या बेळगावात शहापूर-वडगावच्या गल्लीतून गाडी काढताना आधी भोवती एक फेरी मार, मगच स्टार्टर. नुसत्या कॅमेऱ्यावर विसंबू नकोस, पावसाळ्यात त्याच्या काचेवर चिखल बसतो.

नवशिके हमखास चुकतात ते इथं:

- चोर्ला घाटात वळणात शिरल्यावर ब्रेक दाबतात. उंच गाडी लवकर कलंडते, म्हणून वेग वळणाआधीच कमी कर. उताराला खालचा गिअर टाक, सारखा ब्रेक धरलास तर तो तापून लागेनासा होतो. छतावर जड सामान नकोच.
- मागच्या रांगेतली माणसं बेल्ट लावत नाहीत. तू लावायला लाव.
- ऊस हंगामात रात्री ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं धरून चालू नकोस.

डिझेल असेल तर उभी गाडी चालू ठेवू नकोस. नुसती बाजारात फिरवलीस तर धुरातली काजळी धरणारा फिल्टर चोंदतो. अधूनमधून निपाणीपर्यंत हायवेला एकसारखी पळव. आणि एकट्याने खडेबाजारात जायचं तर स्कूटर काढ.