केटामाइन घोड्याचं औषध आहे, मग माणसाला का देतात?

आईच्या भाजलेल्या पायाच्या ड्रेसिंगला केटामाइन हे भुलीचं औषध देणार आहेत आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की ते घोड्याचं औषध. घोड्याला देतात, खरं आहे. घोड्याला सलाईनही लावतात. पण १९७० साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली ती माणसांसाठी.

हे घोड्याचं मी पहिल्यांदा ऐकलं १९९३च्या पावसाळ्यात, तालुक्याच्या गावी, आमच्याच सर्जनच्या तोंडून. रात्री एक बाई आणली. गर्भ नळीत राहून नळी फुटलेली, पोटात रक्त, वरचं बीपी ७०. सर्जन म्हणाले, मणक्यात भूल द्या, पटकन उरकू. बाईच उरकली असती! मणक्यातल्या भुलीनं रक्तवाहिन्या सैल पडतात, उरलंसुरलं बीपीही जातं. पेंटोथाल या शिरेतून द्यायच्या भुलीच्या औषधाचंही तेच. मी केटामाइन भरलं. बाई ४५ किलोची, शिरेतून ५० मिलिग्रॅम. मिनिटभरात डोळे उघडेच, पण बाई तिथं नाही. बीपी धरून राहिलं. श्वासनलिकेत ट्यूब टाकली, रक्ताची बाटली येईपर्यंत सलाईन ओतत राहिले. वाचली.

जागी होताना मात्र तिला मेलेली सासू दिसली आणि तिनं ऑपरेशन थिएटर डोक्यावर घेतलं. सर्जनना पुढची वीस वर्षं तेवढंच आठवलं. नवा डॉक्टर चहाला आला की, "आमच्या मॅडम पेशंटला सासू दाखवतात." बीपीचा आकडा एकदाही सांगितला नाही.

भास होतात, मोठ्या माणसांना जास्त. सोबत मिडाझोलाम हे गुंगीचं औषध दिलं, जागं होताना आजूबाजूला गलका नसला, की कमी होतात. त्या रात्री बीपी ७० असताना मिडाझोलाम द्यायची माझी छाती नव्हती.

ड्रेसिंगला ते फार चांगलं. दुखणं मारतं, श्वास बहुतेक वेळा आपला आपण चालू राहतो, दहापंधरा मिनिटांत उतरतं. दुधासारखं दिसणारं प्रोपोफॉल झोप सुरेख लावतं, पण दुखणं थांबवत नाही आणि बीपी पाडतं. दमेकऱ्यालाही मी केटामाइनच देत आले.

हो, आईचं बीपी चढं असेल, हृदयाचा त्रास असेल किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. उपाशीपोटी न्या. भूलतज्ज्ञ स्वतः हजर असणार का, हेही विचारा. आणि तिथं कुणी पुन्हा घोड्याचं नाव काढलं, तर त्याला म्हणावं, वरचं बीपी ७० आहे, तू काय देशील?