नवरा फिरतीचा लाइनमन असेल तर आधी दुसरी सही उरकून घे

पेडण्याहून ज्या मुलीने लिहिलंय तिच्यासाठी हे उत्तर. वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नको. तुझं म्हणणं थोडक्यात असं: लग्नाला वर्ष व्हायचंय, नवरा हाय टेन्शनच्या टॉवर लाइनवर कॉन्ट्रॅक्टरच्या गँगमध्ये, काल बेळगावकडे होता, आता गुजरातेत. दिवसभर फोन लागत नाही. सासूबाई म्हणतात, हे काम सोडायला लाव. आणि तू विचारतेस की आपणच साइटवर जाऊन राहावं का. मध्येच एक ओळ तू सहज लिहून गेलीस, "रजिस्ट्रारकडची दुसरी सही राहिलीय, चवथीला आला की करू." (चवथ म्हणजे आमची गणेश चतुर्थी.) बाकीच्यांनी तुला धीर दिला, चांगलं केलं. मी मात्र त्या एका ओळीवर अडकले, कारण आमचं सगळं तिथेच फसलं होतं.

एकटेपणा, शेजारणींचे टोमणे, जत्रेला एकटीने जाणं, यावर मी काही लिहीत नाही. त्याची सवय होते, आणि ज्यांना होत नाही त्यांना ती माझं वाचूनही होणार नाही. सवय होत नाही ती अशा कागदांची, ज्यांना दोन्ही माणसं एकाच दिवशी, एकाच टेबलासमोर, कामाच्या वेळेत उभी लागतात.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगते. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनची पद्धत आहे. देवळात किंवा हॉलमध्ये कितीही थाटात लग्न लागो, सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा जावं लागतं. पहिली सही म्हणजे आम्ही लग्न करणार आहोत असं निवेदन. मग नोटीस लागते, कुणाची हरकत असेल तर ती घेण्याची मुदत जाते, आणि त्यानंतर साक्षीदारांसह दुसरी सही. कायद्याने लग्न होतं ते त्या दुसऱ्या सहीने. पहिल्या सहीचा कागद हातात आला की लोकांना वाटतं झालं. कितीतरी बायकांना नवऱ्याने सोडल्यावर कळलंय की आपलं लग्नच नोंदलेलं नाही. तुझा नवरा तसा असेल असं मी म्हणत नाही. माझाही नव्हता. पण नवरा कितीही सरळ असला तरी कागद अर्धाच असतो.

आता आमचं ऐक. तालुका सांगत नाही, कार्यालयाचं नाव तर मुळीच नाही. पहिली सही झाली, लग्न लागलं आणि हे साइटवर गेले. सुट्टी घेऊन दुसऱ्या सहीला आले तर साहेब नाहीत. त्यांच्याकडे आणखी एका तालुक्याचा चार्ज, आज तिकडचा दिवस. हे आधी फोनवर विचारलं होतं, तेव्हा "या, या" म्हणाले होते. पुढच्या खेपेला साहेब होते, पण एका साक्षीदाराच्या आधारवरचा पत्ता आणि मतदार यादीतला पत्ता जुळेना. दुसरा साक्षीदार आणा म्हणाले. बाहेर झेरॉक्सवाल्याकडे उभ्या असलेल्या कुणाला तरी आणलं, तर "ओळखीचा हवा". काय काय लागतं ते एका कागदावर लिहून द्या म्हटलं तर क्लार्क बाई म्हणाल्या, "लिहून देण्याची पद्धत नाही, विचारायला यायचं." विचारायला येणारा माणूस शेकडो किलोमीटरवर टॉवरला लटकलेला असतो हे त्या खुर्चीला कसं कळावं? त्याच संध्याकाळी ह्यांची गाडी होती. गँगला लाइनचं शटडाउन मिळालेलं. शटडाउन म्हणजे चालू लाइन ठरल्या तासांसाठी बंद करून मिळते. त्या तासांत काम संपलं नाही तर पुन्हा कधी मिळेल याचा नेम नाही. तिथे सुपरवायझर कुणाचं लग्न, बारसं बघत नाही, आणि त्यात त्याचं चुकतं असंही मला वाटत नाही. परत येईपर्यंत पहिल्या सहीची मुदत गेली. सगळं मुळापासून.

मधल्या काळात काय काय अडलं ते बघ. मला दिवस गेले. ह्यांचा ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा हप्ता, पगारातून कापला जायचा, पण कार्डावर माझं नाव नव्हतं. कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसला नाव घालायला सांगितलं तर लग्नाचा दाखला आणा. देवळाची पावती आणि पत्रिका चालेल का, तर नाही. बाळ वेळेआधी आलं, खाजगीत न्यावं लागलं, आणि बिलासाठी गळ्यातलं सोनं सोसायटीत गहाण पडलं. ते सोडवायला जो वेळ लागला त्यात आमची सगळ्यात जास्त भांडणं झाली, फोनवरच. गृह आधार, म्हणजे गोवा सरकारची गृहिणींसाठीची योजना, तिचे महिना १५०० रुपये तेही उशिरा सुरू झाले, कारण त्याच्या अर्जालाही तोच दाखला. आणि सगळ्यात वाईट गोष्ट नंतर कळली. ह्यांच्या पीएफला नॉमिनी अजून त्यांचे वडील होते. लग्नाआधी केलेलं पीएफचं नॉमिनेशन लग्न झाल्यावर आपोआप रद्द ठरतं. म्हणजे त्या काळात वरून काही खालीवर झालं असतं तर वडिलांचं नाव बाद आणि माझं लग्न कागदावर नाही. पीएफसोबत ७ लाखांपर्यंतचा विमा येतो, तोही त्याच नावावरून अडला असता. अभद्र बोलते असं वाटेल. लाइनमनच्या बायकोने हे एकदा तोंडाने बोलून टाकावं आणि कामाला लागावं असं माझं मत आहे.

मी वकील नाही. नियम बदलत असतात, मुदत किती आणि साक्षीदारांना काय लागतं ते आपापल्या तालुक्यात विचारा. पण चवथीचा बेत आजच मोड. चवथीला ऑफिसं बंद, उघडी असली तर अर्धा स्टाफ रजेवर. तो घरी येईल तेव्हा माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या मंडपीचं) सामान, आरत्या, मामाकडे, मावशीकडे. पहिले दोन दिवस तर ही माणसं नुसती झोपतात. त्यातून एक दिवस काढून साहेब सापडणं म्हणजे लॉटरीच.

आपल्या बाजूने एक गोष्ट आहे, ती कुणी सांगत नाही. वीज खात्याचा लाइनमन आणि आपला लाइनमन यांची वर्षं उलटी असतात. खात्यातल्या माणसाला मे-जूनपासून श्वास घ्यायला वेळ नसतो. फणसाची फांदी तारेवर, माड विजेच्या खांबावर, ट्रान्सफॉर्मर गेला. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा शेजारचे खात्यातले भावजी कपडे बदलण्यापुरते घरी यायचे. नव्या टॉवर लाइनवाल्यांचं काम मात्र पावसात मंदावतं. फाउंडेशनचे खड्डे पाण्याने भरतात, शेतातून ट्रक जात नाही, ओल्या लोखंडावर चढवत नाहीत. म्हणून कागदाची कामं मृगानंतर आणि चवथीआधी, या पट्ट्यात बसव. त्याला सांग, घरच्या फेरीची तारीख साहेबांचा दिवस विचारून ठरव, सणावरून नको. जाण्याच्या आदल्या दिवशी तू स्वतः ऑफिसात जाऊन साहेब उद्या आहेत ना ते विचार. फोनवरच्या "या"वर विश्वास ठेवू नको. साक्षीदार दोन लागत असतील तर तीन तयार ठेव, आणि त्यांचे सगळे पत्ते एकसारखे आहेत ना ते आधी बघ.

दाखला हातात आला की त्याच फेरीत पीएफचं ई-नॉमिनेशन करून घ्या. ते मोबाइलवर होतं, आधारला जोडलेला नंबर त्याच्या जवळ हवा. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय लागू होतो. तुझं नाव घालताना तू वेगळ्या गावी राहतेस हे नोंदवायला लाव, म्हणजे कुटुंबासाठी इकडचा दवाखाना मिळतो. आमच्या ऑफिसने नाव घातलं तेव्हा दवाखाना साइटजवळचा टाकला होता. मी तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन काय कर्नाटकात जाणार होते? ईएसआय नसेल तर कामावरच्या अपघाताच्या भरपाईसाठी कॉन्ट्रॅक्टरने विमा काढलाय का ते नवऱ्याला विचारायला सांग. लेखी बघायला मिळालं तर उत्तम. पेटी कॉन्ट्रॅक्टर, म्हणजे मोठ्या कंपनीच्या हाताखालचा छोटा कॉन्ट्रॅक्टर, असेल तर मुख्य कंपनी कोणती तेही तुझ्या वहीत लिहून ठेव. गेट पासचा फोटो, हजेरी कार्डाचा फोटो, महिन्यातून एकदा मागून घे. संशय म्हणून नाही, हिशोब म्हणून.

पैशांचं तुला माहीत असेलच. साइटवर आठवड्याला खर्ची (वरखर्चापुरती उचल) मिळते आणि खरा हिशोब उशिरा होतो, कधी काम संपल्यावर. खर्ची मेसमध्ये आणि रिचार्जमध्ये जाते. त्यामुळे "पगार झाला की पाठवतो" या वाक्यावर घर चालवू नको. हिशोब होईल तेव्हा दोन-तीन महिन्यांचं घरखर्चाचं बाजूला टाकायचं आणि त्याला हात लावायचा नाही. नवऱ्याला साठलेल्या पैशांतून प्लॉट घ्यायची घाई असते, सगळ्यांनाच असते. आपल्याकडे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक धरली जाते. पुढे विकायला दोघांच्या सह्या लागतात, आणि पुन्हा तीच अडचण: तो तिकडे, तू इकडे. हा विषय मोठा आहे, इथे थांबते.

फोनचं. टॉवरवर फोन नेत नाहीत, नेऊही नये. सकाळी चढला की दुपारी जेवायला उतरेपर्यंत गप्प, मग संध्याकाळपर्यंत गप्प. आमच्याकडे एकच नियम आहे, उतरल्यावर "खाली" एवढा एक शब्द पाठवायचा, बाकी गप्पा नंतर. आणि सकाळी चढायच्या आधी भांडण काढायचं नाही. सासूबाई काही बोलल्या, सिलिंडर संपला, बाळाला ताप आला, सगळं संध्याकाळी. डोक्यात घरचं घेऊन वर गेलेला माणूस बेल्टचा हूक अडकवायला विसरतो. लाइन बंद असली तरी शेजारून चालू लाइन जात असेल तर बंद तारेतही करंट उतरतो. म्हणून दोन्ही बाजूंना अर्थिंग, म्हणजे तार जमिनीला जोडणारी वायर, बांधल्याशिवाय हात लावायचा नसतो. हे त्याला माहीत आहे, तू फक्त कधीतरी विचार, "आज अर्थिंग बांधलं?" ह्यांना पहिल्यांदा हसू आलं होतं. मग स्वतःहूनच सांगायला लागले.

(विषयांतर, पण राहवत नाही. वीज गेल्यावर घरात जनरेटर लावणाऱ्यांनो, चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी लाइनला किंवा जनरेटरला, एकालाच जोडणारा) नसेल तर तुमची वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर चढलेल्या कुणाच्या तरी नवऱ्याला लागते. आमच्या वाड्यावर दोन घरांत अजून सॉकेटमध्ये वायर खुपसून चालवतात. सांगितलं तर त्यांनाच राग येतो.)

सासूबाईंशी वाद घालू नको. त्यांना भीती वाटते आणि ती खोटी नाही. पण नोकरी सोडून इथे काय करायचं ते आधी दोघांनी ठरवा. खात्यात जागा निघाली तर जरूर अर्ज करा, आयटीआय आणि वायरमनचे कागद नीट असतील तर लाइनवरचा अनुभव वाया जात नाही. मात्र जाहिरात निघायची वाट बघत घरी बसलेला लाइनमन मी पाहिलाय. तो बायकोला साइटवरच्या लाइनमनपेक्षा जास्त त्रास देतो. हे माझं मत, कुणाला पटलं नाही तर सोडून द्या.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, साइटवर जाऊन राहायचा. काहीजणी राहतात. मी राहून आले. गँगचं बिऱ्हाड लाइन पुढे सरकेल तसं हलतं, कधी पत्र्याची शेड, कधी गावातली भाड्याची एक खोली. सगळ्या पुरुषांत आपण एकटी बाई, संडास लांब, आणि तो रात्री येऊन जेवून झोपणार. सुट्टीसारखं थोडे दिवस जायचं तर थंडीत जा, खोलीची सोय त्याने आधी केली असेल तरच. दिवस गेले असतील तर अजिबात नको. संसारच तिकडे मांडायचा असेल तर सबस्टेशनच्या कामावर बदली मिळते का बघायला सांग, तिथे निदान दोन-तीन वर्षं एका जागी जातात.

आणि पहिली सही कोणत्या तारखेला झाली ते आधी कागद काढून बघ. मुदत जवळ आली असेल तर त्याला आजच फोन कर, "खाली" आल्यावर. सुपरवायझर रजा देत नसेल तर रजिस्ट्रारकडच्या पावतीचा फोटो त्याला पाठवायला सांग. आमच्या वेळी तोंडी सांगून रजा मिळाली नव्हती, कागद दाखवल्यावर मिळाली. सोमवारी जाऊ नका, आठवड्याची गर्दी असते. मंगळवारी दार उघडायच्या आधी जाऊन उभे राहा.