नैवेद्याचे ताट आणि मावशींचा कप

प्रश्न : आम्ही साताऱ्यात राहतो. घरी सासूबाई, यजमान, आठ वर्षांचा मुलगा आणि मी. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्याकडे कोणी घास घेत नाही आणि मुलगा रोज 'वदनी कवळ घेता' म्हणूनच जेवायला सुरुवात करतो. गेल्या गुरुवारी डब्यात आदल्या दिवशीच्या तीन पोळ्या उरल्या होत्या. त्या कुस्करून फोडणीला टाकणार, एवढ्यात मुलगा म्हणाला, "आई, शिळ्या आपण कशाला खायच्या? मावशींना देऊन टाक ना." मावशी मागच्या दारी भांडी घासत होत्या, त्यांचा हात क्षणभर थांबला. खिडकीत ठेवलेल्या त्यांच्या कपात चहा ओतताना मला मान वर करवेना. मुलाला रागावले, तर सासूबाई म्हणाल्या, "लहान आहे तो. आणि अन्न टाकण्यापेक्षा कुणाच्या पोटात गेलेलं काय वाईट?" देवाधर्माचे सारे संस्कार करूनही मुलामध्ये दयाभाव का आला नाही? त्याला काय शिकवावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, त्या क्षणी तुम्हाला मान वर करवली नाही, हे तुम्ही मोकळेपणाने लिहिलेत, म्हणून मीही मोकळेपणाने लिहिते. मुलाचे काही चुकले असे मला वाटत नाही, कारण घरात जे नेहमी घडताना त्याने पाहिले, तेच तो मोठ्याने बोलला.

नैवेद्याचा नियम तुमच्या घरात सर्वांना पाठ असणार : अन्न ताजे हवे, आधी कोणी चाखलेले नको, ताट स्वच्छ हवे. हा नियम देवघराच्या उंबऱ्याशी संपतो, असे मुलाला आजवर दिसत आले आहे. यापुढे नैवेद्य दाखवून झाला की त्याच पातेल्यातली भाजी आणि तव्यावरून उतरलेली गरम पोळी मावशींसाठी आधी वाढावी आणि ते ताट मुलाच्या हातून द्यावे. त्या वेळी त्याला काही समजावत बसू नये.

सासूबाईंचे म्हणणे मात्र झिडकारू नका, कारण अन्न टाकू नये हे त्यांचे सांगणे खरेच आहे. शिळ्या पोळीचा कुस्करा कांदा, शेंगदाणे आणि वरून लिंबू घालून केला, तर घरातल्या साऱ्यांनी आवडीने खावा, आणि आपल्या बशा भरताना मावशींनाही एक बशी द्यावी. जे आपल्याला नको, तेवढेच दुसऱ्यासाठी राखून ठेवणे, एवढेच बंद व्हायला हवे.

माझे आजोळ लोणंदचे. नीरास्नान आटोपून ज्ञानेश्वर माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. त्या दिवशी आजी पहाटेपासून भाकरी थापत असे. टम्म फुगलेली पहिली भाकरी मला हवी असायची आणि ती दरवर्षी अंगणातल्या पंगतीत जायची. मी सात वर्षांची असताना एका वृद्ध वारकऱ्याच्या पानात मी भाकरी वाढली. त्यांनी आधी वाकून माझ्या पायांना हात लावला, "माउली" म्हणाले आणि मगच भाकरी मोडली. मी गोंधळून आजीकडे पळाले. भाकरीच्या पिठाने भरलेल्या हातांनी मला पुढे ढकलत ती म्हणाली, "आता तू त्यांच्या पाया पड." वारकरी एकमेकांच्या पाया पडतात ते का, हे मला त्या अंगणात कळले. आषाढीच्या आधी एखाद्या दिवशी मुलाला लोणंदला किंवा फलटणला न्यावे आणि शक्य झाल्यास पंगतीत वाढायला लावावे.

'दयाभाव' हा तुमचा शब्द मला थोडा खटकला. मावशी कष्ट करून कमावतात. त्यांना तुमच्या घरात दया नको, मान हवा. तुमच्याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एकाच पंगतीत जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडले. ही गोष्ट मुलाला जरूर सांगा, पण त्याआधी खिडकीतल्या कपाचे काय करायचे ते ठरवा. पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख ओघात केला आहे. मुलाच्या डोळ्यांसमोर मात्र तो कप रोज असतो, आणि मावशींचे आपल्यापेक्षा वेगळे असते, हे तो त्या कपावरूनच शिकला असावा. सासूबाईंशी वाद न घालता घरच्याच कपांतला एक भरून मावशींना द्यावा आणि शक्य झाले तर आपला चहा घेऊन त्यांच्याशेजारी बसावे.

मावशींचा हात थांबला, म्हणजे त्यांनी ते वाक्य ऐकले. मुलाला पुढे करून त्याच्याकडून माफी वदवून घेऊ नका. त्याने त्यांनाच अवघडल्यासारखे होईल. माफी तुम्ही मागा, उद्या चहाच्या वेळी, आणि तेव्हा मुलगा घरात असू द्या.